हाऊबाग : अडीच फुटांच्या रुळांचे स्टेशन

जबलपूरला कधी गेलात आणि रिक्षावाल्याला ‘छोटी लाइन फाटक’ असे सांगितलेत, तर तो पुढे काही न विचारता तुम्हाला तिथे नेऊन सोडील. उतरल्यावर मात्र तुमची पंचाईत होईल. तिथे आता लाइन नाही आणि फाटकही नाही. चौक आहे, दुकाने आहेत, वाहनांची गर्दी आहे. नाव तेवढे राहिले आहे. या भागातच हाऊबाग नावाचे रेल्वे स्टेशन होते. २०१५ सालापासून तिथे एकही गाडी आलेली नाही.

मी मूळचा जबलपूरचा. गेल्या सत्रात आठवीच्या भूगोलाच्या तासाला सातपुड्याचा विषय निघाला आणि ओघाने मी या स्टेशनाबद्दल बोललो. वर्गात गोंदियाचा एक मुलगा आहे. त्याने हात वर करून विचारले, “सर, पण गोंदिया-जबलपूर गाडी तर चालू आहे. आम्ही दिवाळीत गेलो होतो. लाइन चालू आहे तर स्टेशन बंद कसे? छोटे रूळ काढून त्याच जागी मोठे का नाही टाकले?” प्रश्न नेमका होता. मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि घंटा झाली. राहिलेले उत्तर या पानावर देतो.

आधी थोडे गणित करू. रेल्वेच्या दोन रुळांमधल्या अंतराला गेज म्हणतात. छोट्या लाइनीचे, म्हणजे नॅरोगेजचे, अंतर अडीच फूट. अडीच फूट म्हणजे ३० इंच, त्याला २५.४ ने गुणा, ७६२ मिलिमीटर येतील. मोठ्या लाइनीचे, म्हणजे ब्रॉडगेजचे, अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. छोटी लाइन मोठीच्या निम्मीसुद्धा नाही. रूळ हलके, स्लीपर आखूड, पूल अरुंद, डोंगरात खोदायचा चर अरुंद. थोडक्यात, सगळे स्वस्त.

पण खरा फरक वळणात आहे. आपल्या रेल्वेच्या नियमांप्रमाणे ब्रॉडगेजचे वळण जास्तीत जास्त तीव्र घ्यायचे म्हटले तरी त्या वर्तुळाची त्रिज्या १७५ मीटरच्या खाली आणता येत नाही. नॅरोगेजला ४४ मीटरपर्यंत परवानगी आहे. ४४ मीटर त्रिज्या म्हणजे ८८ मीटर व्यास. आपल्या फुटबॉलच्या मैदानाची लांबी डोळ्यांसमोर आणा. तेवढ्या मापात छोट्या गाडीचे वर्तुळ बसते. मोठ्या गाडीला तेच करायला साडेतीनशे मीटर हवेत. आपले मैदान, कवायतीची जागा, भोजनगृह, सगळे त्यात जाईल. प्रत्यक्ष लाइन टाकताना इतकी तीव्र वळणे क्वचितच घेतात, पण नॅरोगेज डोंगराच्या अंगाअंगाने का जाऊ शकते ते यावरून कळेल. डोंगर आडवा आला की मोठी लाइन तो फोडते. छोटी लाइन त्याला वळसा घालते.

आता सातपुड्याकडे येऊ. जबलपूर रेल्वेच्या नकाशावर फार लवकर आले. अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वेची लाइन १८६७ साली तिथे पोहोचली. मुंबईकडून जी.आय.पी. रेल्वेची लाइन १८७० च्या मार्चमध्ये तिला येऊन मिळाली आणि मुंबईहून कलकत्त्याला सलग रेल्वेने जाता येऊ लागले. पण ही मोठी लाइन नर्मदेच्या खोऱ्यातून, सपाटीवरून गेली. दक्षिणेला सातपुड्याचे पठार, म्हणजे शिवनी, मंडला, छिंदवाडा आणि बालाघाटचा वरचा भाग, तसाच राहिला. तिथे साल आणि सागाचे जंगल होते, हिरडा होता, भात होता, बालाघाटकडे मँगनीज होते. जायला मात्र बैलगाडीचा रस्ता.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावर पडले. धान्य देशात दुसरीकडे असूनही ते पठारावर नेऊन पोहोचवायचे कसे, हा प्रश्न होता. बैलांनाच चारा नाही, तर गाड्या कोण ओढणार? दुष्काळात रेल्वे नसलेला मुलूख किती लाचार होतो, ते सरकारने पाहिले होते. त्यानंतर लगेचच बंगाल-नागपूर रेल्वे या कंपनीने गोंदियाहून उत्तरेकडे अडीच फुटांची लाइन टाकायला घेतली. १९०३ ते १९०५ या काळात ती बालाघाट, नैनपूर करत जबलपूरपर्यंत आली. नैनपूरहून एक फाटा छिंदवाड्याला आणि पुढे एक फाटा मंडल्याला गेला. या सगळ्या जाळ्याला सातपुडा रेल्वे म्हणत. गोंदिया ते जबलपूर अंतर सुमारे २३० किलोमीटर. नर्मदा ओलांडून गाडी जबलपूर शहरात शिरली की ग्वारीघाटानंतर हाऊबाग लागायचे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सैनिकी शाळेच्या अंकात शोभेल अशी आहे. अडीच फूटच का? दोन फूट किंवा तीन फूट का नाही? याचे एक कारण लष्करी होते. त्या काळात सरहद्दीवर मोहिमा निघत आणि तातडीने हलकी रेल्वे टाकण्याची गरज पडे. देशातल्या सगळ्या छोट्या लाइनी एकाच मापाच्या असल्या, तर वेळप्रसंगी कुठलेही इंजिन, कुठलाही डबा उचलून दुसरीकडे नेता येतो. आपल्याकडची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली ती अडीच फुटांवरच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने तिच्यासाठी बनवलेले डबे पाहून लष्करातल्या लोकांनीही या मापात रस घेतला होता. कालका-सिमला लाइन तर आधी दोन फुटांची ठरली होती. लष्कराने हरकत घेतली की वेगळे माप चालणार नाही, आणि मग ती अडीच फुटांवर आणली गेली. १९०३ साली ती सुरू झाली, म्हणजे आपली सातपुडा रेल्वे बांधली जात होती त्याच काळात. बंदुकीची गोळी सर्व बंदुकांत बसली पाहिजे, असा हा साधा हिशेब आहे.

पण तोच हिशेब दुसऱ्या बाजूने अडतो. छोट्या लाइनीचे डबे एकमेकांत चालतात, मोठ्या लाइनीवर नाही. गोंदियाला मोठी लाइन, जबलपूरला मोठी लाइन, आणि मधले सव्वादोनशे किलोमीटर छोटी लाइन. म्हणजे बालाघाटकडचा माल गोंदियात किंवा जबलपुरात आला की हमालांनी तो एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवायचा. पोते फुटायचे, माल सांडायचा, वेळ जायचा. लष्कराला तर हे फारच गैरसोयीचे. जबलपूर ही जुनी छावणी. तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजे जी.सी.एफ., १९०४ साली तिथे निघाला आणि पुढे खमरियाचा दारूगोळा कारखाना व इतर कारखाने आले. त्यांचा जड माल मोठ्या लाइनीनेच जायचा. छोट्या लाइनीवर राहिली ती माणसे, लाकूडफाटा, भाजी आणि धान्य.

माझे आजोबा त्याच जी.सी.एफ. कारखान्यात नागपूरहून नोकरीला आले. नागपूर आणि जबलपूर यांचे नाते तसे रेल्वेपेक्षा जुने आहे. १७९८ पासून १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते. इंग्रजी अमदानीत दोन्ही शहरे मध्य प्रांतात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले, आणि आमच्यासारखी घरे एकाएकी ‘बाहेरची मराठी’ झाली. छोट्या लाइनीला याचे काही नव्हते. तिचे एक टोक महाराष्ट्रात, दुसरे मध्य प्रदेशात, आणि कारभार नागपूर विभागाचा. २००३ मध्ये पश्चिम-मध्य रेल्वेचे मुख्यालय जबलपूरला आले, पण त्याच शहरातली छोटी लाइन दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडे राहिली.

माझे आजोळ बालाघाटचे. मे महिन्यात आई आम्हा भावंडांना घेऊन छोट्या लाइनीने निघे. मोठ्या स्टेशनाची मला भीती वाटे. हाऊबागची कधी वाटली नाही. फलाट इतका ठेंगणा की गाडी उभी असली तरी ती आपल्यावर वाकून बघते आहे असे वाटायचे नाही. डब्यात समोरासमोर बसले की गुडघ्याला गुडघा लागे, त्यामुळे अनोळखी माणसाशी न बोलता प्रवास करणे शक्यच नव्हते. नावाची एक गंमत होती. हिंदीत लहान मुलांना घाबरवायला ‘हौआ’ म्हणतात, आपला बागुलबुवा. माझ्या धाकट्या बहिणीची पक्की समजूत होती की हाऊबाग म्हणजे हौआची बाग, आणि तो तिकीट खिडकीच्या मागे बसतो. खिडकीच्या आतून फक्त एक हात दिसायचा, हे त्याला कारण.

ग्वारीघाट गेले की जमतऱ्याजवळ नर्मदेचा पूल. आई प्रत्येकाच्या हातात एकेक नाणे देई आणि आम्ही ते नदीत टाकत असू. पूल अरुंद, डब्यातून खाली पाहिले तर कठडा दिसत नसे, एकदम पाणीच. मग बरगी, शिकारा, घंसौर अशी स्टेशने. चढ लागला की इंजिनाचा आवाज बदलायचा आणि डब्यातले अनुभवी लोक शिदोरी सोडायचे, कारण आता वेळ लागणार हे त्यांना ठाऊक असे. नैनपूरला पाय मोकळे करायचे. एकेकाळी नैनपूर हे आशियातले सर्वांत मोठे नॅरोगेज जंक्शन म्हणून ओळखले जाई. चारी दिशांना छोटे रूळ गेलेले मी तिथेच पाहिले. बालाघाटला पोहोचेपर्यंत दिवस जायचा. आज मोटारीने चार-पाच तासांत जाणाऱ्याला हे वेडेपणाचे वाटेल. तेव्हाही घाई असलेली माणसे बसनेच जात. गाडीने जात ते ज्यांच्याकडे वेळ होता आणि पैसे नव्हते.

या शेवटच्या वाक्यात या लाइनीचे सगळे आयुष्य आले. सकाळच्या गाडीने खेड्यांतून माणसे हाऊबागला उतरत. कुणाच्या डोक्यावर भाजीची टोपली, कुणाकडे दुधाची कॅन, कुणाकडे मोळी. कचेरीत तारीख असलेले, दवाखान्यात दाखवायला आलेले, आणि भरतीसाठी आलेली पोरे. ही पोरे ओळखू यायची. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत शाळेचे दाखले, पायात नवे कॅनव्हासचे बूट. जबलपुरात ग्रेनेडियर्सचे आणि जम्मू-काश्मीर रायफल्सचे केंद्र आहे, सिग्नलचे प्रशिक्षण केंद्र आहे. रजेवर जाणारे जवानही दिसत. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव व नंबर, आणि खिडकीशी बसून स्टेशनांची नावे मोठ्याने वाचणारा माणूस. दिल्लीहून किंवा जम्मूहून तो मोठ्या गाडीने जबलपूरपर्यंत आलेला असे, पण घरी पोहोचवणारी गाडी ही.

आता तुमच्या वर्गमित्राच्या प्रश्नाकडे. गोंदिया-जबलपूर लाइन ब्रॉडगेज करण्याला १९९६-९७ च्या सुमारास मंजुरी मिळाली. दक्षिणेकडून काम सुरू झाले आणि गोंदिया-बालाघाट भाग आधी पूर्ण झाला. पुढे वाट जंगलातून जाते. कान्हा आणि पेंच या दोन अभयारण्यांमध्ये वाघांचे येणे-जाणे असलेला हा मुलूख. वनखात्याच्या परवानग्यांत वर्षे गेली. २०१५ साली जबलपूर-नैनपूर छोटी लाइन कायमची बंद झाली. रूळ उचलले गेले. मोठ्या लाइनीचे तुकडे एकेक करून जोडले जात राहिले आणि साधारण २०२० च्या अखेरीस गोंदियापासून जबलपूरपर्यंत सलग मोठी लाइन झाली.

पण ती हाऊबागमधून गेली नाही. कारण आपण सुरुवातीला केलेल्या गणितात आहे. छोट्या लाइनीला शहराच्या वस्तीतून, फाटकाफाटकांतून, अंग चोरून जाता येत होते. शंभर वर्षांत वस्ती तिच्या दोन्ही बाजूंना अगदी खेटून उभी राहिली. चोवीस डब्यांची गाडी आणि मालगाड्या तिथून न्यायच्या तर वळणे मोठी करायला हवीत, जागा हवी, प्रत्येक फाटकावर उड्डाणपूल हवा. शिवाय मोठ्या लाइनीला मोठ्या लाइनीशी जोडायचे होते. माल उतरवून चढवण्याचा जुना त्रास संपावा म्हणूनच तर हा सारा खटाटोप. म्हणून ग्वारीघाटाहून नवी लाइन कछपुऱ्याकडे वळवली आणि मदन महलजवळ मुख्य लाइनीला नेऊन मिळवली. गाडी जबलपूर स्टेशनात थेट येऊ लागली. हाऊबाग बाजूला पडले. मोडले नाही, जळले नाही, पुरात वाहून गेले नाही. वाटच दुसरीकडून गेली.

हे योग्य झाले की अयोग्य? माझे मत विचाराल तर, योग्य झाले. हळवे होऊन छोटी लाइन ठेवायला हवी होती असे म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी तिच्यातून एकदाच, हौसेने, फोटो काढत प्रवास केलेला असतो. पठारावरच्या माणसाला वेगाची गाडी हवीच होती. उत्तरेतून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचा इटारसीचा वळसाही आता टळतो. मला खटकते ते दुसरेच. २०१५ पासून मोठी लाइन पूर्ण होईपर्यंतची जी चार-पाच वर्षे गेली, त्यांत मधल्या कित्येक गावांना बराच काळ ना छोटी गाडी होती ना मोठी. टोपली घेऊन येणाऱ्या बाईला बसचे भाडे परवडले की नाही, की तिने जबलपूरला येणेच सोडले, याची नोंद कुठल्या वहीत नाही. रूळ उचलायला लागतात महिने, टाकायला लागतात वर्षे, आणि मधला काळ नेहमी त्यांच्याच वाट्याला येतो ज्यांच्याकडे दुसरे साधन नसते. विदर्भातल्या मुलांना हे सांगायला नको. शकुंतला एक्सप्रेसची वाट पाहणारी मूर्तिजापूर, यवतमाळ, अचलपूरकडची माणसे तुमच्यापैकी कुणाच्या घरात असतीलच.

मागच्या हिवाळ्यात मी हाऊबागला मुद्दाम जाऊन आलो. फलाटाची कड गवतात हाताने चाचपून शोधावी लागली. जिथे रूळ होते तिथे मी पावलांनी माप घेतले. अडीच फूट म्हणजे माझे एकच पाऊल, तेही मोठे नाही. दोन मुले तिथे क्रिकेट खेळत होती. त्यांना विचारले, इथे पूर्वी काय होते माहीत आहे का? एकाने सांगितले, “छोटी लाइन.” म्हणजे काय, ते त्याला सांगता आले नाही. तो शब्द त्याला चौकाचे नाव म्हणूनच ठाऊक होता.

ज्यांना छोट्या लाइनीचे इंजिन आणि डबे प्रत्यक्ष पाहायचे असतील त्यांनी नागपूरला मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय पाहावे. २००२ च्या डिसेंबरमध्ये ते सुरू झाले. नैनपूरलाही असे संग्रहालय आहे. पट्टी घेऊन जा आणि रुळांमधले अंतर स्वतः मोजा. माप रुळांच्या आतल्या कडांमधून घ्यायचे, मध्यापासून नाही. यात पुष्कळ जण चुकतात.

नवी लाइन सुरू झाल्यावर मी आईला बालाघाटहून जबलपूरला मोठ्या गाडीने आणले. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे. गाडीचा वेग तिला मानवला नाही, पण नर्मदेचा पूल येताच तिने पिशवीतून नाणे काढले. खिडकी काचेची, बंद. नाणे तिच्या मुठीतच राहिले. ग्वारीघाट गेले तशी ती उठून उभी राहिली, पदर खोचला आणि मला म्हणाली, “सामान घे रे खाली, आता हाऊबागच.” मी तिला म्हटले, आई, गाडी तिकडून जात नाही आता, तू बस. ती बसली, पण मदन महल येईपर्यंत पिशवी मांडीवरच धरून होती.